शूळ आणि क्रूस : दोन ख्रिस्ती पुराणांतील दुःखविचार

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्याचा मोठा भाग भाषेविषयींचा आहे. परकीय मनुष्यानें ओवी कशी साधली, ज्ञानेश्वर-एकनाथांचें ऋण किती, कोंकणीची छाया कोठें पडली, पोर्तुगीज शब्द किती शिरले, याची चर्चा विद्वानांनीं पुष्कळ केली. आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या मोजक्या ओव्या तर क्रमिक पुस्तकांतून इतक्या वेळां छापल्या गेल्या आहेत कीं, ग्रंथ तेवढाच असावा असें पुष्कळांस वाटतें. प्रस्तुत लेखकानेंही संस्कृत व मराठी शिकविण्यांत जन्म घालवितांना याहून वेगळें कांहीं केलें नाहीं, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ कोणी भाषेचा नमुना म्हणून रचीत नसतो. स्टीफन्स यांस कांहीं सांगावयाचें होतें. आणि त्या सांगण्याचा गाभा म्हणजे एका निरपराध पुरुषाचें दुःख व त्या दुःखाचा उपयोग. या गाभ्याकडे पाहिल्यावांचून ग्रंथाचें परीक्षण पुरें झालें असें म्हणतां येणार नाहीं.

ग्रंथेतिहास वाचकांस विदित आहेच; पुढील विवेचनास लागेल तेवढाच सांगतों. हें पुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. मराठी अक्षरांचे खिळे पाडून घ्यावे अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती, व १६०८ सालीं त्यांनीं रोमला तसें लिहिलेंही होतें. पण तें साधलें नाहीं. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतच आवृत्ति काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली. कारिदाद द्रागो यांची १९९६ सालीं मुंबईस आणि नेल्सन फलकाव यांची २००९ सालीं बंगळूरास. याखेरीज लंडन येथें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतील देवनागरी पोथी जस्टिन अ‍ॅबट यांनीं उजेडांत आणली, तिच्यांत रोमन परंपरेंतील पोर्तुगीज शब्दांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता, हा वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. कोणताही पाठ घेतला तरी कवीनें स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे, मोक्षास मुक्ति म्हटलें आहे, आणि या जुन्या ओळखीच्या शब्दांच्या मधोमध एक अनोळखी वस्तु उभी केली आहे. ती वस्तु म्हणजे क्रूस. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द आज मराठी कॅथलिक लोकांच्या तोंडीं आहे. प्रॉटेस्टंट मराठी बायबलांत मात्र त्याच्या जागीं वधस्तंभ हा शब्द रुळला आहे.

स्टीफन्स यांचे श्रोते गोव्याच्या साष्टींतले. आमच्या ट्रॉम्ब्याच्या, म्हणजे जुन्या तुर्भ्याच्या, शेजारची साष्टी निराळी. दोहोंचें नांव सहासष्ट गांवांवरून पडलें असें मानतात. ठाण्याकडील साष्टीस शिलाहारांच्या लेखांत षट्षष्टि म्हटलेलें आहे. या नामसादृश्यामुळें पोर्तुगीज कागद वाचणारांची किती फसगत होते, हें ज्यांनीं ते वाचले आहेत त्यांस सांगावयास नको. येथें मात्र हें सादृश्य उपयोगीं पडतें. कारण या उत्तरेकडील साष्टीस, वसईस व मुंबईसही स्वतःचें एक पुराण मिळालें आहे. फ्रान्सिस्कु व्हाज द गिमाराइश या पाद्र्यानें रचलेलें हें पुस्तक १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन लिपींत छापलें गेलें आणि पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत पुन्हा छापलें गेलें. त्याच्या लांबलचक पोर्तुगीज नांवांतच आपल्या प्रभूच्या अति दुःखमय मरणाचें व यातनांचें निरूपण असा अर्थ आहे. लोकांनीं मात्र त्यास नुसतें पुराण म्हटलें. भाषा उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोकांची मराठी. गिमाराइश हा स्टीफन्स यांच्या तोलाचा कवि नव्हे, आणि पंडितांनीं त्याची उपेक्षा केली ती या कारणानें समजण्याजोगी आहे. पण उपवासकाळांत, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांत, मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांतून हें पुराण वाचण्या-गाण्याची चाल होती, आणि ग्रंथ लोकांत कितपत मुरला हें पंडितांच्या पसंतीपेक्षां अशा चालीवरूनच कळतें. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७३९ सालीं वसई पडली, १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीज सत्ता उठल्यावर युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले. मागें राहिलेल्या शेतकरी व कोळी कुटुंबांनीं धर्म टिकविला त्यांत मातृभाषेंतल्या या पुस्तकाचा वांटा असला पाहिजे, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. याच समाजानें पुढें १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत : पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वर, म्हणजे अध्याय, व दुसऱ्यांत एकोणसाठ. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. चरित्राच्या उत्तरार्धांत शुभवर्तमानांच्या क्रमानें बागेंतील रात्र, शिष्याचा विश्वासघात, पेत्राचा नकार, पिलाताचा न्याय, फटके, कांट्यांचा मुकुट, डोंगरावरची वाट, दोहों बाजूंस दोन चोर आणि खालीं उभी राहिलेली माता, असा प्रसंग येतो. येथें कवि थांबून थांबून चालतो. हें थांबणें केवळ करुणरसासाठीं आहे असें अलंकारशास्त्राच्या संवयीनें म्हणावेंसें वाटतें, पण तें खरें नाहीं. स्टीफन्स हे येशूसंघाचे. त्या संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनीं घालून दिलेल्या साधनाक्रमांत तिसरा आठवडा ख्रिस्ताच्या यातनांच्या चिंतनास दिलेला आहे, आणि त्यांत साधकानें जागा, माणसें, त्यांचे शब्द मनासमोर आणून आपण तेथेंच उभे आहों असें पाहावयाचें असतें. पुराणांतील या भागाची घडण त्या साधनेची आहे. आपला कीर्तनकार आख्यान रंगवितो तेव्हां श्रोत्यास रडूं येतें. येथें श्रोत्यानें रडून उठून जावें एवढेंच अपेक्षित नाहीं, त्यानें आपलें दुःख घेऊन त्या दुःखाशेजारीं बसावें असें अपेक्षित आहे.

संस्कृत शिकलेल्या वाचकास हा प्रसंग वाचतांना महाभारतांतील एका कथेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आदिपर्वांत माण्डव्य ऋषीचें आख्यान आहे. ऋषि मौनव्रतानें आश्रमाच्या दारीं तप करीत असतां चोरांनीं चोरीचा माल त्याच्या आश्रमांत आणून लपविला. राजाच्या माणसांनीं विचारिलें, ऋषि बोलला नाहीं. तेव्हां त्यास चोरांबरोबरच शूळावर चढविलें. तपोबलानें तो मेला नाहीं. राजास चूक उमगून त्यानें क्षमा मागितली, पण शूळ निघेना. तो कापावा लागला, आणि त्याचें टोंक शरीरांत राहिल्यामुळें ऋषीस अणीमाण्डव्य हें नांव पडलें. पुढें हा ऋषि थेट धर्मराजाच्या सभेंत गेला व त्यानें विचारिलें कीं, मला हें फळ कोणत्या कर्माचें? उत्तर मिळालें : लहानपणीं तूं पतंगाच्या शेपटींत काडी खुपसली होतीस. ऋषि संतापला. एवढ्याशा अपराधास एवढा दंड, या अन्यायाबद्दल त्यानें धर्मासच शाप दिला, आणि त्या शापानें धर्म विदुराच्या रूपानें शूद्रयोनींत जन्मास आला. शिवाय चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कर्माचें पाप लागूं नये अशी मर्यादाही त्यानें घालून दिली.

निरपराध पुरुष, मौन, चोरांची सोबत, राजाज्ञेनें झालेला वध-प्रयत्न : इतकीं साम्यें असूनही हीं दोन आख्यानें एकमेकांकडे पाठ करून उभीं आहेत. माण्डव्याचा प्रश्न हेतूचा आहे. हें मला कां झालें, कशामुळें झालें? त्यास उत्तर मिळतें, आणि उत्तर मिळाल्यानेंच तो अधिक चिडतो. महाभारतकाराचें धाडस असें कीं, त्यानें कर्मविपाकाचा हिशेब मांडून दाखविला व तो हिशेब एका शहाण्या माणसास मान्य नाहीं हेंही लिहून ठेविलें. क्रूसाच्या आख्यानांत हा हिशेबच नाहीं. तेथेंही कां असा एक आक्रोश शेवटच्या घटकेस आहे. पण त्यास कोणी उत्तर देत नाहीं. त्या दुःखाचें कारण म्हणून पिलाताची भीरुता, पुढाऱ्यांचा द्वेष, शिष्याचा लोभ हें सर्व सांगितलेलें आहे, तरी कवीचा रोंख त्यावर नाहीं. त्याचा रोंख प्रयोजनावर आहे : हें कोणासाठीं झालें?

हेतु आणि प्रयोजन हा भेद आपल्या शास्त्रकारांस नवा नाहीं; पण दुःखाच्या बाबतींत आपण सामान्यतः हेतूपाशींच थांबतों. मागच्या जन्मीं काय पाप केलें असेल कोण जाणे, हें वाक्य आमच्या घरांत अजूनही ऐकूं येतें. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्याची कथा आहे, तींत शिष्यांचा प्रश्न जणूं आमच्याच एखाद्या ओसरीवर विचारला गेला आहे : पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? मनुष्य जन्मतः अंध. तेव्हां त्याचें स्वतःचें पाप जन्मापूर्वींचें असावें लागतें, ही अडचण शिष्यांच्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं, आणि आमच्या वाचकांस ती अडचण वाटणारही नाहीं. येशू दोन्ही पर्याय बाजूस सारतो व दृष्टि पुढें वळवितो. या अंधत्वांतून देवाचें कार्य दिसावें, असें सांगतो. कशामुळें या प्रश्नाच्या जागीं कशासाठीं हा प्रश्न येतो. दोन्ही मराठी पुराणांचा दुःखविचार याच वळणावर उभा आहे, असें माझें म्हणणें आहे.

यावरून आमच्या परंपरेंत प्रयोजनाचा विचारच नाहीं असें कोणी समजूं नये. भागवतांत कुंती कृष्णापाशीं विपत्तीच मागते, कारण विपत्तींत त्याचें दर्शन होतें. त्याच ग्रंथांत रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर पुढ्यांत आलेलें अन्न व शेवटचें पाणीही देऊन टाकतो, आणि मुक्तीही नको, सर्व प्राण्यांच्या अंतरांत राहून त्यांचें दुःख मीं भोगावें म्हणजे ते दुःखमुक्त होतील, अशी इच्छा करतो. दधीचीनें अस्थि दिल्या त्या वृत्रवधासाठीं. १६३० च्या दुष्काळांत ज्याचें घरदार बुडालें तो देहूचा तुकाराम, त्या बुडण्याबद्दल देवाचे उपकार मानतो. स्टीफन्स यांच्यापुढें बसलेल्या गोव्यांतील ब्राह्मण श्रोत्यांस, निदान त्यांतील वडील मंडळींस, रंतिदेव ऐकून माहीत असेल. म्हणून दुसऱ्यासाठीं सोसणें ही कल्पना त्यांस अगदींच परकी वाटली नसेल. फरक एवढाच कीं, रंतिदेवाची ती इच्छा आहे व देव प्रगट होऊन त्यास त्या इच्छेपासून सोडवितात. ख्रिस्तपुराणांत ती घटना आहे, आणि तिच्यांतून सुटका मागणारी बागेंतली प्रार्थना फळास येत नाहीं. हा फरक लहान नाहीं. दुःख हवेंसें वाटलें नाहीं, तें टळावें असें मागितलें, आणि टळलें नाहीं तेव्हां तें दुसऱ्याच्या कामीं लावलें. सामान्य माणसास अनुकरण करतां येईल असा हा क्रम आहे. रंतिदेवाचें अनुकरण करणें कठीण आहे.

येथवर गुण सांगितले. आतां जी गोष्ट मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आली आहे ती सांगतों.

दुःखास प्रयोजन देणें हें ज्याचें दुःख त्याच्या हातीं असेल तोंवर तें औषध आहे. दुसऱ्यानें, त्यांतही दुःख देणाऱ्या सत्तेच्या आश्रयास असलेल्यानें, तें प्रयोजन लावून दिलें कीं त्याचें स्वरूप पालटतें. ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. एक ब्राह्मण पुढें येऊन पाद्रीस म्हणतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत. मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचण्यास दुसरें कांहीं कां करून देत नाहीं? साऱ्या ग्रंथाचें निमित्त हा प्रश्न आहे. समीक्षकांनीं याकडे कवीच्या चातुर्याचा नमुना म्हणून पाहिलें आहे. मला त्यांत एक तक्रार ऐकूं येते. पुराणें आपोआप बंद पडलीं नव्हतीं. गोव्याच्या साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडली गेलीं. कवीनें ती तक्रार नोंदली, हा त्याचा प्रामाणिकपणा. तिला उत्तर म्हणून अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ दिला, ही त्याची उदारता. परंतु ज्या दुःखांतून ती तक्रार निघाली त्या दुःखाविषयीं, दुःखाचें इतकें सूक्ष्म वर्णन करणारा हा कवि कांहींच बोलत नाहीं.

हें मौन अधिक बोंचतें तें कवीचें स्वतःचें चरित्र पाहिलें म्हणजे. स्टीफन्स इंग्लंडांत विल्टशर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं जन्मले. राणी एलिझाबेथच्या अमदानींत तेथें कॅथलिक असणें हाच अपराध झाला होता. टॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघांत शिरण्याचा त्यांचा बेत होता. पाउंड पकडला गेला व सुमारें तीस वर्षें तुरुंगांतून तुरुंगांत फिरला. स्टीफन्स एकटेच निसटले, १५७५ सालीं रोममध्यें संघांत दाखल झाले, आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. त्यांच्याच संघाच्या एडमंड कॅम्पियन यांस १५८१ सालीं लंडनांत हालहाल करून मारलें. म्हणजे धर्मासाठीं सोसणें ही या कवीस पुस्तकी गोष्ट नव्हती.

आणि १५८३ च्या जुलईंत गोव्यांत कुंकळ्ळी येथें लोकांनीं रुदोल्फ आक्वाविवा व आणखी चार येशूसंघीय यांस ठार मारलें. मृतदेह परत मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामांत स्टीफन्स यांचा हात होता. त्या पांचांस १८९३ सालीं रोमनें धन्य ठरविलें. परंतु कुंकळ्ळीचे लोक उठले ते देवळें व गांवकी यांवर घाला आल्यामुळें. आणि त्या प्रकारानंतर गांवच्या मुख्य गांवकऱ्यांस असोळणें येथें बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून कापून काढलें, हेंही तितकेंच प्रसिद्ध आहे. एका बाजूच्या मृतांस हुतात्मे म्हणून प्रयोजन मिळालें. दुसऱ्या बाजूच्या मृतांच्या दुःखास, त्या काळच्या हिशेबांत, बंडाची शिक्षा हा हेतु तेवढा मिळाला. जो भेद आपण वर पाहिला तो येथें किती निर्दयपणें वांटला गेला! इंग्लंडांत ज्या बाजूस स्टीफन्स उभे होते ती सोसणाऱ्यांची. गोव्यांत जिच्या छत्राखालीं उभे होते ती सोसायला लावणाऱ्यांची. हा पालट त्यांच्या ध्यानीं आला असेल काय? ग्रंथावरून तसें दिसत नाहीं. त्यांच्याविषयीं मला आदर आहे, तो कमी करण्याचा हेतु नाहीं. पण इतिहास-संशोधकांच्या पत्रांत ग्रंथाची स्तुति लिहितांना ही बाजू झांकणें बरें नव्हे. आणि जे केवळ ही बाजू पाहून ग्रंथ वाचीतच नाहींत, त्यांचेंही मला पटत नाहीं.

कारण ग्रंथ कवीच्या हातीं राहत नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या सरकारनें देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयानें हीं पुराणें छापलीं गेलीं, त्याच सत्तेच्या धोरणापुढें तीं तेथून हळूहळू ओसरलीं. तीं जिवंत राहिलीं तीं कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. तेथें १७८४ च्या फेब्रुवारींत, राखेच्या बुधवारीं, टिपूच्या हुकुमानें ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली व त्यांस श्रीरंगपट्टणाकडे नेण्यांत आलें. १७९९ च्या मे महिन्यांत टिपू पडला तेव्हां, पंधरा वर्षांनीं, जे वांचले ते सुटले. त्या काळांत त्यांस चर्च नव्हतें, पाद्री नव्हते. ख्रिस्तपुराण हेंच त्यांचें सांत्वन झालें, अशी परंपरा त्या समाजांत चालत आली आहे. या लोकांस कोणीही वरून प्रयोजन लावून दिलें नव्हतें. ज्यांचें दुःख होतें त्यांनींच ग्रंथ हातीं घेतला. साल्दान्हा यांस पुढें जीं हस्तलिखितें मिळालीं तीं या प्रांतांतलीं. आज आपल्याजवळ ख्रिस्तपुराणाचा जो पाठ आहे तो मुख्यतः दुःखांत त्याचा उपयोग करणाऱ्यांनीं जपला, हें पाठचिकित्सा करणारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ओव्यांची निवड, गाळगूळ, फेरफार यांची कांहीं कारणें लेखनिकाच्या अज्ञानांत न सांपडतां वाचणाऱ्याच्या गरजेंत सांपडण्याचा संभव आहे.

मुंबईकडे इतका मोठा प्रसंग आला नाहीं. पण १८९६ सालीं प्लेग आला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत मुंबई-साष्टीच्या गांवठाणांतून जे क्रूस उभारले गेले, त्यांतील पुष्कळ प्लेगाच्या निमित्तानें उभारलेले आहेत. दगडी चौथऱ्यावरचे हे क्रूस रस्तारुंदींत सांपडून वरचेवर वर्तमानपत्रांत येतात, तेवढ्यापुरतें त्यांच्याकडे आपलें लक्ष जातें. त्यांवरचे लेख कांहीं मराठींतही आहेत, आणि आमच्यासारख्यांनीं शिलाहारांच्या गद्धेगाळांपुरतेंच आपलें क्षेत्र आंखून घेतलें नसतें, तर त्यांचे ठसे केव्हांच घेतले गेले असते.

ट्रॉम्ब्यास, जेथें आतां अणुसंशोधनाचें केंद्र आहे (त्याची स्थापना १९५४ सालची), तेथील एका जुन्या ईस्ट इंडियन घरीं मी उपवासकाळांत एकदां गेलों होतों. माझा एक विद्यार्थी त्या घरचा. त्याची आजी गुडघ्यांनीं अधू; पाट सोडून उठावयाचें तर दोघांचा आधार लागे. मीं सहानुभूतीनें विचारपूस केली, आणि संवयीनें, भोग आहेत, असें म्हणून गेलों. तिनें मान हालविली. आजचें दुखणें तिनें नातवाच्या परीक्षेसाठीं दिलें होतें. कालचें शेजारच्या एका बाळंतिणीसाठीं. उद्यांचें अजून ठरविलें नव्हतें. हें ती आपल्या बोलींत, भाजी निवडतां निवडतां, बाजारहाटाचा हिशेब सांगावा तशी सांगत होती. ख्रिस्ताच्या दुःखास आपलें दुःख जोडून तें कोणाच्या तरी नांवें अर्पण करावें, ही कॅथलिक लोकांची जुनी रीत आहे, हें मला पुस्तकांतून माहीत होतें. पण त्या दिवशीं प्रथम कळलें कीं भोग हा शब्द तिला कां चालला नाहीं. भोग म्हटलें कीं हेतु आला व हिशेब मिटला. तिचा हिशेब रोज नवा उघडत होता. नातू संस्कृतांत पास झाला. त्याचें श्रेय त्या घरीं मला मिळालें नाहीं, आणि तें मागण्याचा मीं आग्रहही धरला नाहीं.

घरांत पुराण आहे काय, असें विचारतां म्हातारी म्हणाली कीं, तिच्या सासूजवळ होतें, पानें सुटीं झालीं होतीं. पुढें काय झालें तें कोणास सांगतां आलें नाहीं. गिमाराइश यांच्या पुराणाच्या मुंबईच्या छापील प्रतीही अशाच सुट्या पानांच्या होऊन जात असल्या पाहिजेत, म्हणून संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. साष्टी, वसई, उत्तन, मुंबईचीं जुनीं गांवठाणें येथें कोणास अशी प्रत किंवा हातानें उतरून घेतलेली वही सांपडली, तर मुखपृष्ठ नाहीं म्हणून ती टाकून देऊं नये. बागेंतील रात्रीपासून कबरेपर्यंतचीं पानें आधीं पाहावीं. समासांत नांवें, तारखा, कोणाच्या मरणाची नोंद, मेणाचे डाग, जें असेल तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि कोणत्या ओवीशेजारीं तें आहे हेंही टिपून ठेवावें.